ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस उतरत नाही तेव्हा

दीडशे सीसीची, कार्बोरेटरची (म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या भागाची) एक जुनी मोटरसायकल मी गेल्या वर्षी विकत घेतली. इंजिन थंड असताना तिची काहीही तक्रार नसे, मात्र गाडी चांगली तापली की ॲक्सिलरेटर पूर्ण सोडल्यावरही इंजिनाचा वेग लगेच खाली न येता अडीच हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास रेंगाळत राही, आणि सिग्नलला थांबल्यावर तो सावकाश उतरत उतरत कधी कधी इंजिनच बंद पडे. आधीच्या मालकाने गाडी देताना ‘कार्बोरेटर साफ करून घ्या, मग बघायला नको’ असे सांगितले होते. जुन्या गाडीच्या बाबतीत हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो सहसा चुकीच्या क्रमाने अमलात आणला जातो, असे माझे मत आहे.

पेट्रोल इंजिनाचा वेग मुख्यतः आत जाणाऱ्या हवेवर ठरतो. ॲक्सिलरेटर पिळला की आपण हवेची वाट मोठी करतो आणि त्या हवेच्या ओढीने पेट्रोल मागोमाग येते. त्यामुळे मूठ सोडूनही रेस उतरत नसेल, तर हवेची वाट खरोखर बंद होत नाही किंवा हवा दुसरीकडून आत शिरते, या दोन शक्यता पेट्रोलच्या आधी तपासायला हव्यात.

पहिली शक्यता तपासायला कोणतेही हत्यार लागत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे वळवावे. रेस बदलली तर ॲक्सिलरेटरची वायर ताणली जाते आहे किंवा टाकीखाली कुठेतरी दबली आहे, हे नक्की. आधीच्या मालकाने उंच हँडल बसवून वायर मात्र जुनीच ठेवलेली असेल, तर असे हमखास होते. मुठीला साधारण दोन ते सहा मिलिमीटर मोकळी चाल हवी आणि सोडल्यावर ती आपोआप झटकन मागे फिरायला हवी. माझ्या गाडीची वायर निर्दोष निघाली.

त्यानंतर पाहिला तो स्लो स्पीडचा, म्हणजे मूठ सोडल्यावर हवेची वाट किती उघडी राहील ते ठरवणारा स्क्रू, आणि तो गरजेपेक्षा पुष्कळच आत पिळलेला होता. जुन्या गाडीत हा स्क्रू मागचा इतिहास सांगतो. कार्बोरेटरमधला स्लो जेट, म्हणजे मूठ सोडलेली असताना पेट्रोल देणारी बारीक भोकाची पितळी नळी, अर्धवट बुजला की बंद ॲक्सिलरेटरवर पुरेसे पेट्रोल मिळत नाही, गाडी सारखी बंद पडते, आणि जेट काढण्याचा खटाटोप टाळण्यासाठी कोणीतरी हा स्क्रू पिळून हवेची वाट कायमची थोडी उघडी ठेवते. थंडपणी त्याने काम भागते, पण इंजिन तापले की तीच उघडी वाट रेस वर धरून ठेवते.

तरीही जेटकडे वळण्याआधी मी कार्बोरेटर आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) यांना जोडणारे रबर तपासले. ते वरून काळेभोर, धडधाकट दिसत होते. क्लॅम्प सैल करून अंगठ्याने वाकवले, तेव्हा खालच्या, गिअरबॉक्सकडच्या बाजूला नखाएवढी चीर उघडली, आणि बोट काढताच ती पुन्हा मिटून दिसेनाशी झाली. अशी चीर गाडी तापल्यावर जास्त उघडते. तिच्यातून जेटशी संबंध नसलेली हवा थेट आत जाते, मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि रेस लटकते. खात्री करण्यासाठी चालू गाडीत या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. रेस क्षणभर बदलली तर गळती तिथेच आहे. या कामासाठी अनेक मिस्त्री कार्बोरेटर क्लीनर फवारतात, पण तापलेल्या सायलेन्सरशेजारी ज्वालाग्राही द्रव उडवण्याची मला तरी गरज वाटत नाही. रबराबरोबर त्यामागची ओ-रिंगही (हवा अडवणारी रबरी कडी) बदलावी, कारण ती चपटी झालेली असली तर नवे रबरही हवा धरत नाही.

स्लो जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेला चिकट थर ते बुजवतो. भोकात तार किंवा पिन घालू नये. पितळ मऊ असते आणि भोक कायमचे मोठे होते. क्लीनरमध्ये भिजवून, हवेचा दाब देऊन, जेट उजेडासमोर धरल्यावर गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. हल्ली पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे या कामाचे महत्त्व वाढले आहे, कारण इथेनॉल ओलावा शोषून घेते, जुन्या रबराला मानवत नाही आणि स्वतःबरोबर ऑक्सिजन आणत असल्याने त्याच जेटवर मिश्रण आणखी थोडे पातळ करते.

सेटिंग मात्र गाडी पूर्ण तापल्यावरच करावे. मिक्स्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो आणि आत पिळल्यावर मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त) होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा असतो आणि बाहेर काढल्यावर घट्ट होते. हे न पाहता केलेले सेटिंग उलटे पडते. रेस सर्वांत जास्त चढेल तिथे हा स्क्रू ठेवून मग स्लो स्पीडच्या स्क्रूने ती पुस्तिकेतल्या आकड्यावर आणावी. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांसाठी तो १४०० च्या जवळपास असतो. माझ्या गाडीत एवढ्याने रेंगाळणे थांबले. तापल्यावर बंद पडण्याचा उरलेला त्रास आवळलेल्या टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हची फट कमी झाल्याचा होता, आणि ती फट थंड इंजिनावर फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मापून नीट केल्यावर तो दूर झाला.

रेस चढते पण गाडी पळत नाही, ही तक्रार मात्र पूर्णपणे वेगळी आहे. कात्रजच्या घाटात टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळल्यावर आरपीएमचा काटा उसळला आणि स्पीडोमीटरचा जागीच राहिला, तर क्लच घसरतो आहे. तिथे कार्बोरेटर उघडण्यात अर्थ नाही. आधी क्लचवायरला मोकळी चाल आहे का ते पाहावे आणि मग ऑइल कोणते घातले आहे ते विचारावे, कारण ऑइलमध्ये बुडालेल्या क्लच प्लेटांना ‘जासो एमए’ (मोटरसायकलच्या ऑइलचे जपानी मानक) दर्जाचे ऑइल लागते आणि घर्षण कमी करणारे मोटारीचे ऑइल घातल्यास चांगल्या प्लेटाही घसरू शकतात.