सत्तावीस चालू आहे

"मुंबईला दोन रनवे आहेत, मग विमानं आकाशात घिरट्या का घालतात?" हे मला आमच्या लिफ्टमध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि वर्गात तर दरवर्षी कोणीतरी हात वर करतंच. मी इंजिनिअरिंगच्या मुलांना ऑपरेशन्स रिसर्च (रांगा, वेळापत्रकं यांचं गणित) शिकवते आणि राहते घाटकोपरच्या पंतनगरात, म्हणजे उतरणाऱ्या विमानांच्या बरोबर खाली. त्यामुळे उत्तर माझ्याकडूनच अपेक्षित असतं.

दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एवढंच उत्तर आहे. पट्टीला प्रत्येक दिशेसाठी वेगळा नंबर असतो: पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं-उडायचं तर सत्तावीस, त्याच पट्टीवर पूर्वेकडे तर नऊ. ही ०९-२७ पूर्व-पश्चिम जाते आणि साडेतीन किलोमीटरला थोडी कमी भरते. १४-३२ वायव्येकडून आग्नेयेला जाते आणि त्याहून आखूड आहे. एकीवर विमान धावत असेल तर दुसरीवरचं थांबलंच पाहिजे. चौकात दोन रस्ते मिळतात म्हणून सिग्नल दोन्हीकडे हिरवा होत नाही. कागदावर दोन, कामाला एक.

कोणती चालू आहे ते मला गॅलरीत न जाताही कळतं. सत्तावीस चालू असेल तर डोक्यावरून सहा-सातशे फुटांवर चाकं काढलेली विमानं ओळीने जातात. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो आणि विमानाला उतरायला-उडायला समोरून वारा लागतो, म्हणून तेव्हा दिवसच्या दिवस सत्तावीसच असते. हिवाळ्यात कधीतरी सकाळी वारा पूर्वेचा होतो आणि नऊ लागते. मग उड्डाणं आमच्यावरून जातात आणि फोनवरचं वाक्य अर्धवट सोडावं लागतं. आवाज एकदम बंद झाला तर चौदा. आणि पावसाळ्याआधी मे महिन्यात एक दिवस असा येतो की अकरा ते पाच दोन्ही पट्ट्या देखभालीसाठी बंद असतात. त्या दुपारी पंतनगरात कावळे किती आहेत ते समजतं.

वारा जरा फिरला की लगेच दिशा बदलत नाहीत. पाठीमागून चार-पाच नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वारा विमानाला चालतो. दिशा बदलायची तर ओळीत लागलेली सगळी विमानं वळवून दुसऱ्या टोकाला न्यायची, जमिनीवरची रांगही उलटी फिरवायची. त्यात जो वेळ जातो तो परत मिळत नाही.

(समुद्राकडून नऊवर येताना वाटेत आधी जुहूची छोटी धावपट्टी लागते, दिशा जवळपास तीच. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअर लाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून तिथेच उतरलं आणि पट्टी संपल्यावरही पुढे गेलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही.)

आता गणिताकडे. पुस्तकातला प्रश्न असा: मोठ्या विमानाच्या पंखांमागे हवेचे भोवरे राहतात, म्हणून हेवी (जड वजनगटातल्या) विमानामागे मीडियम (मध्यम गटातलं) येत असेल तर पाच सागरी मैल अंतर ठेवायचं, मीडियममागे मीडियम असेल तर तीन पुरतात. मग आला तसा उतरवण्यापेक्षा हेवी-हेवी एकत्र लावले तर तासाला जास्त विमानं बसतात. फार उलथापालथ नको म्हणून १९७६ मध्ये एमआयटीत रॉजर डिअर यांनी मर्यादा सुचवली, की कोणतंही विमान आपल्या मूळ नंबरापासून दोन-तीन जागांपलीकडे हलवायचं नाही. मुलांना हा प्रश्न आवडतो, कारण त्यात उत्तर सुधारत जाताना दिसतं.

मुंबईला तो लावला की मात्र हाती काही लागत नाही. का, ते भागाकारातच आहे. २०२४ च्या सुरुवातीपर्यंत गर्दीच्या तासाला ४६ विमानं असायची, म्हणजे २३ उतरणारी, २३ उडणारी, एकाच पट्टीवर एकाआड एक. ३६०० सेकंद भागिले २३, म्हणजे दोन उतरणाऱ्यांत सुमारे १५६ सेकंद. शेवटच्या टप्प्यात १४० नॉटने येणारं विमान तेवढ्यात सहा मैल कापतं. उडणाऱ्यासाठी जागा ठेवायची म्हणून सहा मैल आधीच सोडलेले आहेत! भोवऱ्यासाठी लागणारे पाच त्यातच मावतात. ए-३८० या सर्वांत मोठ्या प्रवासी विमानामागे मीडियमला सात लागतात, तेवढा अपवाद. बाकी कोण आधी, कोण नंतर, याने फरक पडत नाही.

फरक पडतो तो पट्टी कोण किती लवकर सोडतं याने. उतरलेलं विमान पन्नासेक सेकंदांत वेगाच्या टॅक्सीवेने (पट्टीतून फुटणाऱ्या वाटेने) बाहेर पडलं पाहिजे. ते वळण चुकलं की पुढच्यापर्यंत रेंगाळत जातं. तोवर उडणारा पट्टीवर येऊन उभा असतो आणि तिसरा आमच्या गच्चीवर पोचलेला असतो. दुपारी कधीतरी एखादं विमान उतरता उतरता इंजिनं गरजवत वर जातं, तेव्हा पट्टीवर कोणाचे तरी दहा-पंधरा सेकंद सांडलेले असू शकतात. त्या विमानाला मग ओळीत पुन्हा जागा द्यायची. मला विचाराल तर मुंबईची खरी कमाई कंट्रोलरच्या जिभेवर आणि वैमानिकाच्या ब्रेकवर आहे. २०१८ च्या डिसेंबरात त्यांनी एका दिवसात १,००७ विमानं हाताळली होती.

चौदावर हे जमत नाही. तिकडे टॅक्सीवे अपुरे, बत्तीसच्या वाटेवर ट्रॉम्बेची टेकडी. तासाला पस्तीसच्या आसपास गाडी अडते. १ जुलै २०१९ च्या रात्री पावसात एक विमान सत्तावीसवरून पुढे घसरून चिखलात रुतलं, ते काढेपर्यंत जवळजवळ चार दिवस सगळा भार चौदा-बत्तीसवर होता. विमानं किती रद्द झाली ते तेव्हा अडकलेल्यांना विचारा.

२०२४ च्या फेब्रुवारीत गर्दीच्या तासातली विमानांची संख्या ४६ वरून ४४ वर आणली. एअरलाइन्स नाराज झाल्या, मला मात्र तो निर्णय पटला. रांगेच्या साध्या सूत्रात (मागणी भागिले उरलेली क्षमता) क्षमता ४६ आणि मागणी ४५ धरली तर सरासरी ४५ विमानं अडकलेली निघतात. मागणी ४४ केली की २२. एकाने कमी केलं आणि रांग निम्मी झाली! खरी विमानं सूत्राइतकी लहरी नसतात, वेळापत्रकाने येतात, पण कल तोच. मंत्रालयाच्याच हिशोबाने ४० मिनिटांच्या घिरट्यांत एका विमानाचं सुमारे १.८ लाख रुपयांचं इंधन जळतं.

आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. तिथल्या आराखड्यातल्या दोन धावपट्ट्या समांतर आहेत, मध्ये १,५५० मीटर. दोन्हीवर स्वतंत्रपणे विमानं उतरवायला १,०३५ पुरतात. दुसरी बांधून झाली आणि एक फक्त उतरायला, एक फक्त उडायला ठेवली, तर उतरणाऱ्यांमधली उड्डाणाची खाच जाईल, सहा मैलांऐवजी तीन पुरतील आणि पाच मागणारं हेवी पुन्हा डोळ्यांत खुपेल. मग डिअरसाहेबांचं गणित खाडीपलीकडे लागू होईल. परीक्षेचा प्रश्न मी आत्ताच काढून ठेवलाय, दहा मार्कांचा.