पाणी आधी, तेल शेवटी

रविवारी सकाळी आमच्याकडे कुणी येऊ नये, असं मी मैत्रिणींना सांगून ठेवलंय. तो लेकीच्या केसांचा दिवस. दोन तास तर जातातच, कधी तीन.

नवरा इथलाच, न्यू जर्सीतल्या ईस्ट ऑरेंजमध्ये वाढलेला, आफ्रिकन-अमेरिकन. लेक सहा वर्षांची, केस बापाचे: दाट, आणि बॉलपेनमधल्या स्प्रिंगसारख्या बारीक वळ्यांचे. मी साताऱ्याहून काय शिकून आले होते? खोबरेल आणि फणी. सुरुवातीची दोन वर्षं कोरड्या केसांवर तेल चोपडायचं आणि टाळूपासून खाली फणी ओढायची, एवढंच केलं. पोर किंचाळायची, फणीत केसांचे पुंजके यायचे. दुसऱ्या दिवशी केस वरून तेलकट आणि हाताला वाळक्या गवतासारखे. मला वाटायचं, तेल कमी पडतंय!

शेवटी सासूबाईंनीच माझ्या हातातली फणी काढून घेतली. "बेबी, पाणी आधी. तेल शेवटी."

टाळूवर सुटणारं तेल सरळ केसांवरून सरसर टोकापर्यंत उतरतं. लेकीच्या केसांत ते वळणावळणावर अडतं, म्हणून टोकं कायम कोरडी. आणि वरून लावलेलं तेल असलेला ओलावा धरून ठेवतं, नवा ओलावा देत नाही. मी दोन वर्षं रिकाम्या डब्याला घट्ट झाकण लावत होते.

आता शांपू आठवड्यातून एकदा, तोही फक्त टाळूला. मग केसांचे चार भाग करून चिमटे लावायचे आणि कंडिशनर ओतायचा. हात आखडता घ्यायचा नाही, मी घ्यायचे. गुंता आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकापासून वर वर जात सोडवायचा. मानेवरचे केस सगळ्यात हट्टी. त्यांना सासूबाई 'किचन' म्हणतात, त्यांच्या समाजातला जुना शब्द. "किचन राहिलं का?" विचारलं की मी पहिल्यांदा ओट्याकडे पाहिलं होतं.

केस ओले असतानाच लीव्ह-इन कंडिशनर, म्हणजे न धुता तसाच ठेवायचा, वर थोडं तेल, त्यावर शिया बटर. मग दोन-दोन बटा एकमेकींभोवती पिळून ट्विस्ट घालायचे, ते आठवडाभर राहतात. झोपताना सॅटिनचं बॉनेट, म्हणजे सैलशी टोपी, कारण सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि केस घासून तुटतात. बस, एवढंच. तेल सासूबाईंच्या पसंतीचं: जमैकन ब्लॅक कॅस्टर ऑइल. बाटली उघडून वास घेतला तर आपलं एरंडेल! फक्त बिया भाजून काढलेलं, म्हणून काळं.

सासूबाईंच्या लहानपणी ईस्टरच्या आदल्या रात्री गॅसवर लोखंडी कंगवा तापवून मुलींचे केस सरळ करायचे. कानाला चटका ठरलेला. केस जसे उगवतात तसे घेऊन बाहेर पडणं तेव्हा सोपं नव्हतं, आणि आताही सगळीकडे नाही. २०१८ च्या डिसेंबरात आमच्याच राज्यात एका शाळकरी कुस्तीगिराला पंचाने सांगितलं, केस काप नाहीतर सामना सोड. मॅटशेजारीच त्याचे ड्रेडलॉक्स, म्हणजे दोरीसारख्या वळलेल्या बटा, कापले गेले. वर्षभराने, २०१९ च्या डिसेंबरात, इथे कायदा झाला: केसांच्या पोतावरून किंवा वेण्या, ट्विस्ट, लॉक्स यांवरून नोकरीत वा शाळेत भेदभाव करता येणार नाही.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. व्हिडिओ कॉलवर ट्विस्ट पाहून तिने हळूच विचारलं, "अगं, पोरीला जट आली की काय?" तिचा सूर मला कळला. आपल्याकडे जट म्हणजे देवीचं बोलावणं, कापायला भ्यायचं. मी चिडले खरी, पण दोन वर्षं फणी मीच ओढत होते. मग लेकीची एक बट सोडून कॅमेऱ्यासमोर ताणून दाखवली. कानाशी गोळा झालेली बट खांद्याखाली गेली.

"अगं बाई! एवढे लांब?"

गेल्या महिन्यात तिचं पार्सल आलं. जुन्या घागऱ्याच्या सॅटिनचे चार अभ्रे, हाताने शिवलेले. एकावर चिठ्ठी: 'विहीणबाईंसाठी'. आणि खाली, पिशवीत गुंडाळून, खोबरेलची बाटली होतीच.