एक ओटा, दोनदा

आमच्या ओट्याचं लॅमिनेट शेगडीजवळ पिवळं पडलं होतं आणि सिंकच्या कोपऱ्यात फुगलं होतं. उखडून नवा बसवायचा तर सिंक, नळ, टाइल्स सगळ्यालाच हात लावावा लागला असता. म्हणून आहे त्याच्यावरच इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळले की कडक होणारं मिश्रण, ओतायचं ठरवलं. "दोन दिवसांचं काम," असं घरात जाहीरही करून टाकलं.

फुगलेला तुकडा कापला, आतला बोर्ड पूर्ण वाळू दिला, खड्ड्यात लांबी (पुट्टी) भरली. हे सोपं गेलं. वेळ खाल्ला तो तेलाने. शेगडीभोवती वर्षानुवर्षं बसलेला चिकटा साबणाला दाद देत नाही. आधी डिग्रीझर (तेल काढणारं द्रावण), मग साधं पाणी, मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासणं, मग पुन्हा पुसणं. हा क्रम उलटा करू नका. आधी घासलं की तेल ओरखड्यांत जाऊन बसतं. स्वच्छ झालंय का हे बघायला मी पाणी शिंपडत होते. पाणी सपाट पसरलं तर ठीक, थेंब गोळा होऊन बसले तर तेल शिल्लक आहे. शेगडीपाशी तीनदा थेंब बसले, चौथ्यांदा पाणी पसरलं. सिंकपाशी शिंपडून पाहिलंच नाही. तिथलं फट बंद करायचं जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडलं होतं, डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

प्रायमर, म्हणजे इपॉक्सीखालचा पहिला हात, मारताना सिंकच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडली. रोलर नीट फिरला नसेल म्हणून वरून आणखी एक हात मारला.

ओटा 2.4 मीटर लांब, 0.6 मीटर रुंद. 3 मिलिमीटरचा थर म्हणजे सव्वाचार लिटरच्या वर, शिवाय कडांवरून खाली जाणारं वेगळं. माझ्या इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर हे दोन्ही द्रव समान मापाने घ्यायचे होते. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं असतं, डब्यावरचंच पाळायचं. तीन मिनिटं सावकाश ढवळलं, बादलीच्या कडा खरवडत. कडेला न मिसळलेलं राहिलं तर तेवढा भाग कायमचा चिकट राहतो. ढवळलं की लगेच ओतायचं, कारण बादलीत साठलेलं मिश्रण स्वतःच तापत जातं आणि घट्ट होतं. मगाच्या तळाशी उरलेल्या वाटीभर मिश्रणाने माझा प्लॅस्टिकचा मग वाकवला.

ओतल्यावर मात्र ते बघत राहावं असं पसरतं. हीट गन वरून भराभर फिरवली की बुडबुडे फटाफट फुटतात. कडांवरून ओघळ सुरू झाले. दर दहा मिनिटांनी गुडघ्यांवर बसून, हातमोजे घालून ते निपटत राहिले. आणि तशी बसलेली असतानाच, तिरप्या उजेडात, सिंकच्या कडेला गोल खळगे दिसले. इपॉक्सी तिथून मागे सरकत होती, तळाला प्रायमर उघडा. ब्रशने आत ढकललं, तर पुन्हा तसाच गोल. सिलिकॉनचा अदृश्य थर होता तो. त्याच्यावर इपॉक्सी टिकतच नाही. मी त्या रात्री पाच-सहा वेळा उठून बघितलं असेल, जणू आपोआप भरणार होतं.

शेवटी सगळं कडक होऊ दिलं. मग सिंकच्या आजूबाजूचा हातभर पट्टा अगदी बोर्डापर्यंत घासून काढला, सिलिकॉन रिमूव्हर लावला, पाणी शिंपडलं. पसरलं. उरलेल्या ओट्याला 220 नंबरचा पेपर फिरवला, कारण पक्क्या झालेल्या थराला न घासता दुसरा थर नीट धरत नाही. चकाकता ओटा स्वतःच्या हाताने पांढुरका करताना जिवावर आलं होतं. पट्ट्यावर प्रायमर, आणि मग पुन्हा ओतणं.

हा थर टिकला. आठवडाभर ओट्यावर जड काही ठेवलं नाही, आणि गरम भांडं तर आता कधीच थेट ठेवायचं नाही, त्याचा डाग उठतो. घरातले "दोन दिवस" हा शब्द अजून सोडत नाहीत. आठव्या दिवशी सिंकची कड बंद करायला मी पुन्हा सिलिकॉनचीच नळी हातात घेतली.