नुसते किलोओम बघून ब्रिजचा हमबकर घेऊ नका

माझ्या गिटारच्या ब्रिजला, म्हणजे स्ट्रिंग बॉडीवर जिथे टेकतात त्या टोकाला, गेल्या सहा वर्षांत तीन हमबकर (दोन कॉइलचे पिकअप, स्ट्रिंगची थरथर पकडून अँपला पाठवणारे) लागले. पहिला गिटारबरोबर आलेला, दुसरा मावसभावाने न्यू जर्सीहून सुट्टीला येताना आणून दिलेला, आणि तिसरा, जो आता आहे तो, मुंबईतल्या एकाकडून सेकंडहँड घेतलेला. तिघांत आउटपुट सगळ्यात कमी या तिसऱ्याचं आहे आणि मला हवा होता तो आवाज याच्यातूनच येतो. परवा क्लासमधल्या एका मुलाने विचारलं, दादा, ब्रिजला सगळ्यात जास्त किलोओमचा कुठला मिळेल? तेव्हाच ठरवलं की हे एकदा नीट लिहून काढायचं, कारण हाच प्रश्न मी पण विचारत फिरायचो आणि त्यात पैसे गेलेच, वर दीड वर्ष पण गेलं.

आधी गिटार सांगतो म्हणजे पुढचं कळेल. बासवुडची बॉडी, एचएसएस, म्हणजे ब्रिजला हमबकर आणि मिडलला आणि नेकला (गिटारच्या मानेकडे) सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे पिकअप), पाच-वे स्विच, एक व्हॉल्यूम, एक टोन. कंपनीचा जो हमबकर होता त्याचा त्रास एकच होता पण मोठा होता, गेन (अँपमध्ये सिग्नल किती फुगवायचा तो) वाढवला की शिट्टी. पिकअपवर नखाने टकटक केलं की अँपमधून माइकवर टकटक केल्यासारखं स्पष्ट ऐकू यायचं. कॉइल मेणात नीट बुडवलेली नसली की आतली तार हलते आणि असं होतं. तो बदलायलाच हवा होता, त्याबद्दल आजही काही शंका नाही. चूक झाली ती पुढे.

मी सगळीकडे आकडेच बघत होतो. ८ वाला म्हणजे मवाळ, १४ वाला म्हणजे गरम, १६ च्या वर म्हणजे एकदम आग, असं डोक्यात बसलेलं. आता किलोओम म्हणजे काय, तर कॉइलच्या तारेचा रेझिस्टन्स. वेढे जास्त घातले की तार लांब होते, रेझिस्टन्स वाढतो, आउटपुट पण वाढतं, इथपर्यंत बरोबर आहे. पण तार बारीक घेतली तरी रेझिस्टन्स वाढतो ना! गिब्सन या गिटार कंपनीच्या जुन्या हमबकरमध्ये ४२ गेजची तार असायची, जाडी साधारण ०.०६ मिमी, आणि एकेका कॉइलवर पाच हजारांच्या आसपास वेढे. तेवढेच वेढे ४३ गेजच्या तारेचे घातले की मीटर चांगला २५ टक्के जास्त दाखवतो, आउटपुट काही २५ टक्के वाढत नाही. वर तांब्याचा रेझिस्टन्स गरमीने वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. म्हणजे डिसेंबरात सकाळी १५ डिग्रीला ८.० दाखवणारा पिकअप एप्रिलमध्ये दुपारी ३५ डिग्रीला ८.६ दाखवणार. मी हे स्वतः मोजून बघितलंय आणि तेव्हापासून दशांशावरून वाद घालणं सोडून दिलं.

आणि मॅग्नेटचं काय? सेमूर डंकन या पिकअप कंपनीचा जेबी घ्या आणि त्यांचाच डिस्टॉर्शन घ्या, मीटरवर दोन्ही साडेसोळाच्या आसपास. पण जेबीत अल्निको ५ (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचा मॅग्नेट) आहे, डिस्टॉर्शनमध्ये सिरॅमिक. जेबी अप्पर मिड्समध्ये (मधल्या सुरांच्या वरच्या भागात) ओरडतो, लीडला मस्त पुढे येतो, डिस्टॉर्शन घट्ट आणि करकरीत, पाम म्यूट केला (तळहाताने स्ट्रिंग दाबून वाजवलं) की खटकन बंद होतो. आकडा एकच, स्वभाव दोन. अल्निको २ लावला की कडा मऊ होतात, बेस जरा सैल सुटतो. म्हणून कोणी मला पिकअपबद्दल विचारलं की मी आता आधी मॅग्नेट विचारतो.

मुळात ब्रिजची जागाच अवघड आहे. तिथे पिकअप ब्रिजच्या अगदी जवळ असतो त्यामुळे त्याच्या वरची स्ट्रिंग हलते कमी, मूळ सुरापेक्षा वरचे हार्मोनिक्स जास्त ऐकू येतात, म्हणून आवाज धारदार आणि पातळ. नेकला जो पिकअप गोड वाटतो तोच ब्रिजला लावला तर भुकेला वाटेल. म्हणून सेटमध्ये ब्रिजच्या पिकअपला मुद्दाम थोडे जास्त वेढे देतात. थोडे! दुप्पट नाही.

मग हे एवढे गरम पिकअप आले कुठून, हे कळल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हमबकर बनवला गिब्सनच्या सेथ लव्हरने, १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९५७ पासून तो गिटारमध्ये येऊ लागला आणि पेटंट मिळालं १९५९ मध्ये, मधल्या काळात मागे पेटंट अप्लाइड फॉरचं स्टिकर लागायचं म्हणून त्यांना पीएएफ म्हणतात. हेतू होता फक्त घरघर घालवायची. दोन कॉइल, वाइंडिंग उलटं आणि मॅग्नेटची दिशा पण उलटी, त्यामुळे लाइटच्या तारांमधून येणारा हम एकमेकांना मारतो आणि स्ट्रिंगचा आवाज मात्र बेरीज होऊन येतो. (आपल्याकडे हा हम ५० हर्ट्झचा, आणि जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंग धड नसेल तर हमबकर म्हणजे देवच वाटतो.) पण त्यांचं आउटपुट काही राक्षसी नव्हतं, ७ ते ९ किलोओमचा माल. पुढे लोकांना जास्त डिस्टॉर्शन हवं झालं आणि तेव्हाच्या अँपमध्ये आजच्यासारखा गेनच नव्हता, मग अँपच्या पहिल्या ट्यूबला (व्हॉल्व्हला) ढकलायचं कोणी, तर पिकअपने. १९७२ मध्ये डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन आला तो याच कामासाठी, मोठा सिरॅमिक मॅग्नेट, १३-१४ किलोओम. त्या काळात त्याला तोड नव्हती.

आता आपल्याकडे बघा. साध्यातल्या साध्या प्रॅक्टिस अँपवर गेनचा नॉब असतो, पेडल असतात, प्रोसेसर असतो, मोबाइलवर सुद्धा अँप आहेत. गेनचा दुष्काळ संपलाय. मग पिकअपने ढकलायची गरज किती उरली? गेन मागून कितीही वाढवता येतो, पण पिकअपनेच जे खाऊन टाकलं ते पुढे कुठलंही पेडल परत आणून देत नाही. मला एवढंच सांगायचंय खरं तर, बाकी सगळं यातूनच आलेलं आहे.

तर दुसरा पिकअप. १६ च्या वरचा, अल्निको ५, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पिकअप चांगला आहे, माझ्या गिटारला चुकीचा होता. घरी छोट्या अँपवर हळू आवाजात इतका भारी वाटला की मी पंधरा दिवस दुसरं काही वाजवलंच नाही. मग कोथरूडला जॅम रूममध्ये गेलो आणि पहिल्याच गाण्यात लोच्या. मध्यम गेनवर ओपन जी (कॉर्ड) वाजवला तर सहा स्ट्रिंगचा मिळून एकच गोळा. ब्रिजवरून मिडलच्या सिंगल कॉइलवर स्विच मारला की आवाज एकदम खाली, म्हणजे अँप एकासाठी लावा नाहीतर दुसऱ्यासाठी. आणि ड्रमर म्हणतो, अरे तुझी गिटार ऐकूच येत नाहीये, आणि मी तर सगळ्यात मोठ्याने वाजवत होतो! आवाज मोठा होता पण सगळा दाबलेला, हात हळू मारा की जोरात, बाहेर तेच. मी हाताने जे करत होतो ते पोचतच नव्हतं, आणि याचं मला खरंच वाईट वाटलं.

मग गिटार उघडली. व्हॉल्यूमच्या पॉटवर (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) छाप होता बी२५०के, म्हणजे २५० किलोओमचा. इथे जरा थांबून सांगतो कारण हे बहुतेक जण बघत नाहीत. पॉट पिकअपवर लोड टाकतो, २५० के असेल तर ट्रेबल जास्त खातो, म्हणून सिंगल कॉइलला २५० के आणि हमबकरला ५०० के असा रिवाज आहे. आणि पुढचं बी म्हणजे लिनियर, ए म्हणजे लॉग. व्हॉल्यूमला बी लावला की १० पासून ३ पर्यंत काही होत नाही असं वाटतं आणि मग एकदम आवाज गायब. मी शनिवारी बुधवार पेठेत गेलो, पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांमध्ये, आणि ए५००के मागत दुकानं फिरलो. तीन ठिकाणी बी५००के पुढे केला आणि चालतंय ओ म्हणाले. चौथ्या दुकानात काकांनी पत्र्याचा डबा उलटा केला, चष्मा कपाळावर चढवून एकेक पॉट उजेडात धरला आणि दोन ए५००के काढून दिले, शाफ्ट माझ्या नॉबला बसेल असा दातेरी आहे का ते पण त्यांनीच बघितलं. चहाच्या दोन कपांएवढ्या पैशात काम झालं.

५०० के लावल्यावर हमबकर मोकळा झाला पण आता त्याचे अप्पर मिड्स कानात घुसायला लागले आणि सिंगल कॉइल तर टोचायलाच लागले. सिंगलसाठी उपाय सोपा होता, स्विचवर ४७० केचा रेझिस्टर असा लावला की सिंगल निवडले की तो पॉटला पॅरलल येतो, ५०० आणि ४७० मिळून साधारण २४२ के होतात, म्हणजे त्यांना त्यांचा जुना लोड परत मिळाला. हमबकर मात्र तसाच राहिला. खाली घेतला, पार ४ मिमी, गोळा थोडा सुटला पण मग जीवच गेला त्याचा.

तेव्हा मित्राच्या गिटारवर सेमूर डंकनचा ५९ वाजवून बघितला. अल्निको ५, ब्रिजचा ८ किलोओमच्या जरा वर, म्हणजे थेट त्या जुन्या पीएएफच्या वळणाचा. त्याच जॅम रूममध्ये, त्याच अँपवर. गेन मी दोन घर वाढवला आणि ओपन जी मारला, आणि आतली बी स्ट्रिंग वेगळी ऐकू आली. अक्षरशः थांबून परत मारला. व्हॉल्यूम ६ वर आणला तर जवळजवळ क्लीन. त्या दिवशी ठरलं.

तोच ५९ सेकंडहँड घेताना दोन गोष्टी बघितल्या. एक, मीटर लावून रेझिस्टन्स. किलोओमला मी एवढी नावं ठेवतोय पण कॉइल तुटलेली नाही ना हे बघायला त्याच्यासारखं काही नाही. फक्त जॅकवर मोजाल तर व्हॉल्यूमचा पॉट पॅरलल येतो म्हणून थोडं कमी दिसतं, १६.४ वाला १५.९ दिसेल, घाबरू नका. दुसरी, स्ट्रिंगमधलं अंतर. गिब्सनच्या वळणाचे पोल (स्ट्रिंगखालचे लोखंडी खिळे) ४९-५० मिमीमध्ये बसतात, फेंडरच्या स्ट्रॅट गिटारसारखा ट्रेमोलो किंवा फ्लॉइड रोझ (दोन्ही हलणारे ब्रिज) असेल तर स्ट्रिंग जास्त पसरलेल्या असतात, त्यासाठी डंकनचे ट्रेमबकर आणि डिमार्झिओचे एफ-स्पेस येतात. पट्टी घेऊन पिकअपच्या वर दोन्ही ई स्ट्रिंगमधलं अंतर मोजा, ५१ च्या वर भरलं तर रुंद घ्या. रॉक गिटारिस्ट एडी व्हॅन हॅलनने स्ट्रॅटच्या बॉडीत गिब्सनचा हमबकर बसवला होता तो तिरका आहे बघा, पोल स्ट्रिंगखाली यायला. खरं सांगायचं तर एक-दीड मिमीने आवाजात काही कळत नाही, पण डोळ्याला खुपत राहतं.

आता सोल्डरिंगचा किस्सा. रविवारी दुपारी डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून बसलो, ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न घेतलं (२५ वॉटने पॉटच्या पाठीवर सोल्डर पकडत नाही, उगाच पॉट भाजतो), डायग्राम उघडला, लाल वायर हॉट (सिग्नलची), काळी-पांढरी एकत्र जोडून टेप, हिरवी आणि उघडी वायर ग्राउंड. जोडलं, लावलं, आवाज आला पण कुपोषित, आणि ट्यूबलाइट लावली की गुणगुण. हमबकर आणि गुणगुण? मीटर लावला तर ४. अर्धा! तेव्हा डोळ्यासमोर आलं, डायग्राम डिमार्झिओचा होता. डंकनमध्ये काळी हॉट असते, पांढरी आणि लाल एकत्र, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. मी काळी-पांढरी जोडून एक कॉइल स्वतःशीच बंद करून टाकली होती आणि एकटी दुसरीच वाजत होती. परत सोल्डर केलं, मीटरवर ८, गुणगुण गायब. म्हणून कंपनीचा डायग्राम त्याच कंपनीच्या पिकअपला, हे घरातल्या सगळ्या पिकअपच्या डब्यांवर मी आता मार्करने लिहून ठेवलंय. आणि जोडून झाल्यावर ब्रिज आणि मिडल एकत्र वाजवून बघा, आवाज नाकातून आल्यासारखा पातळ झाला तर फेज उलटा आहे, काळी आणि हिरवी बदला, उघडी मात्र ग्राउंडलाच राहू द्या.

या पिकअपचं कमी काय ते पण सांगतो. ड्रॉप डी (जाड ई एक सूर खाली) लावून पाम म्यूट करायचे असतील तर हा एकटा पुरत नाही, पुढे ओव्हरड्राइव्ह पेडल लावावं लागतं, गेन जवळजवळ शून्य आणि लेव्हल फुल, मग घट्ट होतो. जो फक्त मेटलच वाजवतो त्याने सिरॅमिक घ्यावा किंवा सरळ इएमजी ८१ कडे जावं, फक्त तो ॲक्टिव्ह आहे, ९ व्होल्टची बॅटरी लागते आणि २५ केचे पॉट, त्यामुळे एचएसएसमध्ये साध्या सिंगल कॉइलबरोबर बसवणं कटकटीचं आहे.

आणि काहीही मागवायच्या आधी स्क्रूड्रायव्हर घ्या. शेवटचा फ्रेट दाबून जाड ई स्ट्रिंग आणि पिकअप यांच्यात २ मिमी अंतर ठेवा, बारीक ईला दीड, तिथून पिकअप अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने खाली नेत ऐका. एक आठवडा द्या त्याला. याला एक पैसा लागत नाही.

तो १६ वाला आता ड्रमरच्या धाकट्या भावाकडे आहे. त्याच्या गिटारला एकच पिकअप, एकच नॉब, आणि घरात मामांचा जुना ट्यूब अँप, ज्याला गेनचा नॉबच नाही. गेल्या रविवारी त्याच्याकडे गेलो होतो, त्याने व्हॉल्यूम पूर्ण उघडून एक पॉवर कॉर्ड मारली आणि अँप असा काही भरून आला की स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. मी तो पिकअप अर्धा फेरा वर घेऊन दिला.