वर्ध्याची मुलगी, पुण्याचा भूगोल

१९९६ च्या जूनमध्ये बाबांची बदली पुण्याला झाली आणि आम्ही वर्धा सोडलं. मी नुकतीच चौथी पास झाले होते. "एकाच राज्यात तर जाताय, तिथेही मराठीच बोलतात," असं नातेवाईक आईला समजावत होते. पण दहा वर्षांच्या मुलीला राज्य कुठे माहीत असतं? तिला शाळेचा रस्ता माहीत असतो, कोणाच्या अंगणातले पेरू गोड ते माहीत असतं, आर्वी नाक्यापासून घर किती पावलांवर ते माहीत असतं. माझं ते सगळं एका दुपारी महाराष्ट्र एक्सप्रेसच्या खिडकीतून मागे गेलं.

आठशेच्या आसपास किलोमीटरचा तो प्रवास. दुसऱ्या दिवशी अंधारातच दौंडला गाडी थांबली ती हलेचना. मनमाडकडून आलेल्या गाडीला इथून पुण्याकडे वळायचं तर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं, असं बाबांनी सांगितलं. मग गाडी निघाली ती उलट्या दिशेने. मला वाटलं, परत वर्ध्यालाच चाललो आपण, आणि किती बरं वाटलं म्हणून सांगू.

आमच्या हिशोबाने अजून सुट्टी चालू होती. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, बाकी महाराष्ट्रात त्या जूनच्या मध्यालाच सुरू झालेल्या असतात. त्यामुळे आम्ही पोहोचलो तेव्हा इथले वर्ग भरलेही होते. पहिल्या शाळेत जागा नव्हती. दुसरीत, पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत, शाळा सोडल्याचा दाखला आणि चौथीचं प्रगतिपुस्तक बघून त्याच दिवशी प्रवेश मिळाला. घर कोथरूडला, म्हणजे रोज पीएमटीने डेक्कनपर्यंत आणि तिथून लकडी पूल ओलांडून पायी.

वर्गातल्या बहुतेक मुली त्याच शाळेच्या प्राथमिक विभागातून आलेल्या. बाकं ठरलेली, जोड्या ठरलेल्या. मी "बाई, मी लिहून राहिली" म्हटलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. त्याचं मला फार लागलं, इतकं की काही दिवस मी वर्गात तोंडच उघडलं नाही. घरी आई विचारायची, "काय झालं गं?" तिलाही काही सांगायचे नाही. आई स्वतःच तेव्हा आमटीत गूळ घालणाऱ्या शेजारणींमध्ये हरवलेली. पाऊसही वेगळा. वर्ध्याचा पाऊस पुण्यापेक्षा जास्तच, पण तो गडगडाट करत येतो, झोडपून काढतो आणि मोकळा होतो. इथे दिवसभर भुरभुर, कपडे वाळता वाळत नाहीत आणि ऊन म्हणून दिसत नाही.

या सगळ्यात मला धरून ठेवलं ते पाठ्यपुस्तकांनी. पाचवीची पुस्तकं आईने वर्ध्यालाच घेऊन ठेवली होती, ती ट्रंकेतून आली होती. पहिल्या दिवशी बाईंनी मराठीचं पुस्तक उघडायला सांगितलं. माझंही तेच पुस्तक, तेच चित्र, तोच पाठ, आणि तो मी मे महिन्यात कूलरसमोर लोळत दोनदा वाचलेला. महाराष्ट्रभर मराठी शाळांना बालभारतीची एकच पुस्तकं असतात, ही गोष्ट आपण किती गृहीत धरतो! बदलीच्या नोकरीतल्या माणसांच्या मुलांना विचारा तिची किंमत. हिंदी तेव्हा पाचवीपासून सुरू व्हायची. इतर मुली धडे गिरवत होत्या तेव्हा मला ती बोलता येत होती. वर्ध्याला १९३६ पासून राष्ट्रभाषा प्रचार समिती आहे, घरोघरी तिच्या परीक्षा देणारं कोणीतरी असतंच, शिवाय बाजारात अर्धा व्यवहार हिंदीत. हिंदीच्या तासाला हळूहळू मुली माझ्याकडे वळून बघू लागल्या, आणि आता त्या हसत नव्हत्या.

अडचण भूगोलाची होती. तेव्हा तिसरीला प्रत्येक जिल्ह्याचं भूगोलाचं पुस्तक वेगळं असायचं. मी वर्धा जिल्हा शिकले होते. वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी, कारंजा हे आठ तालुके मी आजही एका दमात म्हणते. पण वर्गात बाई बोलता बोलता मावळ, मुळशी म्हणत, आणि सगळ्या मुलींना ते कुठे आहे ते ठाऊक असायचं. मलाच नाही. एकदा घरमालकीण काकूंच्या मुलीला हे सांगितलं. ती आठवीत होती, तिला मी ताई म्हणायचे. ती माळ्यावर चढली आणि तिचं जुनं तिसरीचं पुस्तक घेऊन खाली उतरली. कव्हर निघालेलं, समासात पेन्सिलीने वेण्या घातलेल्या मुली काढलेल्या, आणि आत पुणे जिल्ह्याचा नकाशा.

ते पुस्तक मी अक्षरशः पाठ केलं. पाचवीतली मुलगी तिसरीचं पुस्तक वाचतेय म्हणून कोणी काही म्हटलं नाही, उलट बाबा रोज संध्याकाळी माझ्याशेजारी बसायचे. त्यांनाही हा जिल्हा नवाच होता. दौंड हा पुणे जिल्ह्याचाच तालुका, हे कळल्यावर ती अंधारातली थांबलेली गाडी नकाशावर नेमकी कुठे उभी होती ते आम्ही बोटाने शोधलं. नळाला येणारं पाणी खडकवासल्याचं, आणि रोज मी जी नदी पुलावरून ओलांडते ती मुठा त्याच धरणातून येते. पुढे संगमावर तिला मुळा मिळते.

मग एका रविवारी, पावसाने उघडीप दिल्यावर, बाबा मला वेताळ टेकडीवर घेऊन गेले. पुस्तक पिशवीत होतं. वर गेल्यावर बाबांनी नकाशा उघडला आणि दिशा लावून जमिनीवर ठेवला, चारही कोपऱ्यांवर दगड. तिकडे सिंहगड. ती पर्वती. मागे पाषाणचा तलाव. खाली कोथरूड, त्यात आमचं घर कुठलं यावरून आमचा वाद. वर्धा पूर्वेला, फार फार लांब, पण बोट दाखवता येईल अशा एका दिशेला. दुसऱ्या दिवशी शाळेत मी मुठेबद्दल आपणहून बोलले. मोठ्यांनी मुलाला नव्या गावात आणलं तर आधी त्याला त्या गावाचा नकाशा हातात द्यावा, असं मला अगदी मनापासून वाटतं. "होईल सवय" म्हणून सवय होत नाही.

नवरात्रात चतुःशृंगीला जाताना बस सेनापती बापट रस्त्याला लागली आणि खिडकीतून बालभारतीची इमारत दिसली. माझ्या प्रत्येक पुस्तकावर ज्या मंडळाचं नाव आणि पुढे 'पुणे' छापलेलं असायचं ते हे! मी इतक्या मोठ्याने ओरडले की कंडक्टरने वळून बघितलं.

त्याच दिवसांत काकूंकडे भोंडला होता. आमच्याकडे भुलाबाई. तिथे मातीच्या भुलाबाई-भुलोजींच्या मूर्ती मांडतात, इथे पाटावर हत्तीचं चित्र, पण भोवती गाणी तशीच, आणि शेवटी खिरापत ओळखायची तीही तशीच. खिरापतीची पाळी आमची आली तेव्हा आईने पुडाच्या वड्या केल्या. कोथिंबीर निवडून, धुऊन, पंचावर पसरून कोरडी केली, त्यात खसखस, सुकं खोबरं, तिखट. बेसनाच्या पारीला आतून चिंचेचं पाणी लावलं, सारण भरून घडी घातली आणि तळून काढल्या. डबा झाकून मी मधोमध उभी. मुली म्हणाल्या: कोथिंबीरवडी? नाही. अळूवडी? नाही. बाकरवडी? नाही. तिखट की गोड? तिखट. खूप वेळ गेला, शेवटी सगळ्यांनी हार मानली. झाकण उघडल्यावर डबा कधी रिकामा झाला कळलंही नाही, आणि दोन काकू आईला कृती विचारायला स्वयंपाकघरात आल्या. आईला मी त्या दिवशी पुण्यात पहिल्यांदा इतकं भरभरून बोलताना ऐकलं.

बाबांची पुढची बदली मी आठवी झाल्यावर झाली, अमरावतीला. विदर्भात परत जायची संधी होती, आणि निर्णय माझ्यावर सोडला होता. मी दहावीपर्यंत इथेच राहते म्हणाले. आई माझ्यासोबत राहिली. बाबा महिन्यातून एकदा बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने यायचे. भाद्रपदात येताना जुन्या साड्यांमध्ये गुंडाळून भुलाबाई आणायचे, कारण तशा मूर्ती आम्हाला पुण्यात कुठे मिळाल्या नाहीत. काकूंनी पाटावरचा हत्ती थोडा बाजूला सरकवून त्यांना जागा करून दिली.