लेसर केल्यावर आईला दिसायला लागलं काय?

निपाणीत कुणी भेटलं की हेच विचारतंय, आणि परवा मावशीनं फोनवर पण विचारलं, तुम्ही पण विचारलंत म्हणून लिहितोय. नाही, लेसर केलेल्या डोळ्यानं दिसत नाही. आणि लेसर त्यासाठी केलंच नव्हतं.

आईला वीस वर्षं शुगर. शुगरमुळं डोळ्याच्या पडद्याला रक्त कमी पडलं की नको तिथं बारीक नव्या शिरा फुटतात आणि डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाटच बुजवतात, हा काचबिंदू फार हट्टी. डोळ्यातलं प्रेशर साधारण १० ते २१ असावं लागतंय, तिचं ४६. तीन तऱ्हेचे थेंब झाले, प्रेशर उतरवायच्या डायमॉक्सच्या गोळ्या झाल्या, त्यानं बोटांना एवढ्या मुंग्या यायच्या की भाकरी थापताना पीठ हाताला लागतंय का नाही कळेना. रात्री कपाळाला ओलं फडकं घट्ट बांधून बसायची, दुखून दुखून उलटी व्हायची. नजर तर आधीच गेली होती, डोळ्यामागची नस एकदा सुकली की परत येत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मग दुखणं थांबावं म्हणून बेळगावात डायोड लेसर केलं. सहीचा कागद कन्नड आणि इंग्रजीत, सिस्टरनी बसून सगळा मराठीत समजावला, डोळा बारीक होण्याचा धोका असतोय ते पण सांगितलं. डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन बधीर करतात, आणि बाहेरूनच, पांढऱ्या भागावरून, पाणी तयार करणाऱ्या भागाला लेसरचे चटके देतात, म्हणजे पाणीच कमी तयार होतंय. शेजारच्या काकूंना आईनंच सांगितलं, "मोरी तुंबलीय, म्हणून नळ बारीक केला बघ."

पहिले चार दिवस डोळा लालभडक, सूज. थेंब लगेच बंद झाले नाहीत, दीड महिन्यानं प्रेशर १९ आलं तेव्हा गोळ्या सुटल्या. काहींना परत एकदा करावं लागतंय, ते पण डॉक्टरांनी आधीच सांगितलंय.

पण आई रात्रभर झोपते. मला तेवढंच पाहिजे होतं.

मोठ्या भावाला पण शुगर, पाच वर्षं पडदा तपासला नव्हता, दिसतंय की मला चांगलं म्हणायचा. गेल्या महिन्यात त्याला बसमध्ये घालून मीच घेऊन गेलो, बाहुली मोठी करायचे थेंब घालून तासभर शेजारी बसलो.