गुरुवारची टाकी

"माझे बूट तेवढे काढून दे," बाई म्हणाल्या, "आणि हे कार्ड घे तुझं."

मी रॅकमधून बूट काढले, पण दिले नाहीत. हातात धरून उभा राहिलो. ट्रेनरचं काम करून सात वर्षं झाली की माणूस कधी सोडून चाललंय ते चालीवरून कळतं. बाई आल्या होत्या त्या व्यायामाचे कपडे घालून नव्हे, साडी नेसून. म्हणजे निर्णय घरीच झाला होता.

आमची जिम निगडीत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. मालक त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. सकाळी दहानंतरची वेळ बायका आणि निवृत्त मंडळींची. बाई शाळेत गणित शिकवायच्या, निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली, वय एकसष्ट. आमच्याकडे येणारा बँकेतला एक जण त्यांचा विद्यार्थी निघाला. तो 'बाई' म्हणायचा, म्हणून मग सगळेच बाई म्हणायला लागले. बाईंचं तीन महिन्यांचं पॅकेज शनिवारी संपत होतं.

"काय झालं बाई? गुडघा दुखतोय का?"

"गुडघा छान आहे. मला कंटाळा येतो रे." मग पदर खोचत म्हणाल्या, "तू म्हणतोस बारा, मी बारा करते. तू म्हणतोस तीन सेट, मी तीन करते. कशासाठी, ते मला कळत नाही. पाढे घोकून गणित आवडत नाही कुणाला. चाळीस वर्षं मुलांना हेच सांगत आले आणि इथे येऊन स्वतः पाढे घोकते."

मला उत्तर सुचलं नाही. सुचलं असतं तरी देता आलं नसतं, कारण तेवढ्यात लाईट गेली.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत बहुतेक कंपन्यांना गुरुवारची सुट्टी असते आणि महावितरणची देखभालीची कामंही गुरुवारीच निघतात. त्यामुळे आमच्याकडे आठवड्यातली सगळ्यात जास्त गर्दी आणि हमखास जाणारी लाईट, दोन्ही एकाच दिवशी. कंपनीतली पोरं उशिरा उठून साडेदहाला येतात, बायकांच्या बॅचमध्ये मिसळतात. त्या दिवशी आतमध्ये वीस-बावीस जण होते. चार ट्रेडमिल एकदम थांबल्या, गाणी थांबली, पंखे मंदावत मंदावत बंद पडले. इन्व्हर्टरवर फक्त काउंटरचा दिवा आणि बायोमेट्रिक. आषाढातला दमट दिवस. पाच मिनिटांत निम्मे लोक टॉवेल खांद्यावर टाकून जिन्याकडे बघायला लागले.

गंमत बघा, लोखंडाला वीज लागत नाही. वीस किलोचा बार लाईट गेल्यावरही वीस किलोचाच राहतो. पण गाणी बंद झाली की लोकांना वाटतं व्यायाम बंद झाला. म्हणजे इतके दिवस त्यांना धरून ठेवलं होतं ते गाण्यांनी, मी नव्हे. बाईंच्या बोलण्यानंतर लगेच हे डोक्यात आलं आणि जरा झोंबलं.

तेवढ्यात वरून मालकिणीची हाक आली. गॅसवाला आला होता, लिफ्ट बंद म्हणून भरलेली टाकी खाली जिन्याजवळच ठेवून गेला. पाणीवालाही वीस वीस लिटरचे तीन जार तिथेच टाकून गेला होता. "तुमच्या पहिलवानांना सांगा की जरा," वहिनी वरून ओरडल्या.

मी कोल्हापूरकडचा. लहानपणी तालमीत जायचो. आमचे वस्ताद नव्या पोरांना पहिल्याच दिवशी जोर मारायला लावत नसत. हौद्यातली तांबडी माती उकरायला लावायचे. दोन पोरांत एक फावडं, आणि कोण आधी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातो ते बघायचं. हरलेल्यानं दुसऱ्या दिवशी मातीत ताक आणि हळद मिसळायची. महिनाभरानं दंड भरलेले असायचे आणि आपण व्यायाम केला हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही. (तालमीचं उगाच कौतुक नको. तिथूनही पोरं पळायचीच, मीही दोनदा पळालो होतो.)

तर मी टाळी वाजवली आणि म्हटलं, "कुणी जायचं नाही. खाली चला."

पोरांनी आधी चेष्टाच केली. "फी आम्ही भरायची आणि हमाली पण आम्हीच?" पण आले. दोन संघ केले. एक जार एकेका माणसानं छातीशी धरायचा, जिन्याचा एक टप्पा चढायचा आणि पुढच्याला द्यायचा. खाली ठेवला की बाद. जार हा विचित्र प्रकार आहे. वजन वीस किलो, पण पकडायला कान नाहीत, आणि आत पाणी हलतं, त्यामुळे चढताना ते माणसाला डावीकडे-उजवीकडे ओढतं. जो पोरगा बेंचवर ऐंशी किलो मारतो त्याला दुसऱ्या टप्प्यावर धाप लागली. एक ताई तीन महिन्यांपासून सात किलोच्या डंबेलच्या वर जायला तयार नव्हत्या. त्यांनी जार उचलला आणि चढून गेल्यावर विचारलं, "हा किती किलोचा होता?" वीस म्हटल्यावर त्या पायरीवर बसूनच हसायला लागल्या.

बाई कठड्याला टेकून हे सगळं बघत होत्या. बूट अजून माझ्याचकडे होते.

"टाकी राहिली," त्या म्हणाल्या. मग हळूच: "आमच्याकडेही तो दारातच ठेवून जातो. शेजारचा मुलगा संध्याकाळी येईपर्यंत मी तिच्याकडे बघत बसते. हे गेले त्यानंतर हे असंच."

मी वर धावत जाऊन माझी वही आणली. प्रत्येकाचं पान असतं त्यात. बाईंच्या पानावर मागच्या मंगळवारची नोंद होती: डेडलिफ्ट, ३५ किलो, ८. म्हणजे जमिनीवरून पस्तीस किलोचा दांडा उचलून उभं राहायचं, आठ वेळा. मी पान त्यांच्यासमोर धरलं.

"ही टाकी किती किलोची असेल बाई?"

त्यांनी चष्मा लावला. टाकीच्या कड्याखाली ज्या उभ्या पट्ट्या असतात त्यावर रिकाम्या टाकीचं वजन रंगवलेलं असतं. बाई वाकून वाचायला लागल्या. १५.९. "आणि गॅस चौदा पूर्णांक दोन. म्हणजे तीस पूर्णांक एक." शेजारच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि आकडा असतो, टाकीची पुढची तपासणी कोणत्या तिमाहीत, कोणत्या वर्षी ते सांगणारा. तेही त्यांनी वाचून तारखेत बसवून दाखवलं. मग परत वहीकडे बघितलं. पस्तीस. परत टाकीकडे.

"पण तो दांडा असतो. ही टाकी आहे."

"वाकायचं तसंच. टाकी दोन्ही पायांच्या मधे घ्या. कंबर मागे. पाठ सरळ. पाय जमिनीत रोवा आणि उभ्या राहा."

बाईंनी बांगड्या काढल्या आणि एका ताईंच्या हातात दिल्या. मंगळसूत्र घालत नाहीत, पण गळ्यातली साखळी ब्लाउजमध्ये सारली. साडीच्या निऱ्या जरा वर खोचल्या. कडं दोन्ही हातांनी धरलं. ते कडं बारीक असतं, बोटांत रुततं, बारसारखी खरखरीत पकड नसते. पहिल्यांदा ओढलं तेव्हा टाकी हललीच नाही, कारण त्या हातांनी ओढत होत्या. मी काही बोललो नाही. त्यांनीच सोडून दिलं, पाऊल थोडं पुढे घेतलं, कंबर मागे नेली, श्वास घेतला आणि उभ्या राहिल्या. टाकीचं बूड जमिनीवरून सुटल्याचा 'टण्' असा आवाज झाला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे गप्प होते, कारण त्या टाकी धरून तशाच उभ्या राहिल्या. मग पॅसेजमधून आठ-दहा पावलं चालल्या, लिफ्टच्या दारापर्यंत, आणि हळू खाली ठेवली. आपटली नाही.

"परत आणू का?" बाई म्हणाल्या.

जिन्यावरून मी त्यांना नेऊ दिली नाही. तिथे तोल गेला तर टाकी आणि माणूस दोन्ही खाली. दोन पोरांनी ती उभीच धरून वर नेली. बाई रागावल्या माझ्यावर.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला जोर चढला होता. लाईट अजून आली नव्हती, मी बॅटल रोपची जाड दोरी गच्चीवर नेली आणि रस्सीखेच लावली. दोरी हाताला गुंडाळायची नाही, एवढं एकच सांगायचं राहिलं. कंपनीतल्या एका पोरानं ती मनगटाला दोन वेढे घेऊन बांधल्यासारखी धरली. मी बघितलं तोवर समोरच्यांनी हिसका दिला होता. मी ओरडून सगळ्यांना सोडायला लावलं. हाताची साल निघाली तेवढ्यावर भागलं. मनगट मोडलं असतं तर मी आज हे लिहीत नसतो. पोरगा फिटर, हातावर पोट. चार दिवस त्याला स्पॅनर नीट धरता आला नाही. त्याच्या घरी जाऊन माफी मागितली मी. त्याची आई चहा करून देत म्हणाली, "खेळायचं वय आहे होय त्याचं?" त्यालाही आणि मलाही एकदमच म्हणाली असावी.

पुढचे तीन आठवडे मी दुसरा मूर्खपणा केला. रोज खेळ. कधी मेडिसिन बॉल, म्हणजे जड चेंडू, घेऊन लंगडी, कधी सँडबॅगची शर्यत. बायका खूश, पोरं खूश, मालक खूश. वही मात्र उघडलीच नाही. एक बॉयलरवर काम करणारे काका होते, शिस्तीचे, स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठक, साठ किलोवरून पुढे न्यायचा त्यांचा ध्यास. ते एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, "साठला आलो होतो, आता पंचावन्नला पाय थरथरतात. शाळेचं गॅदरिंग आहे का रे हे?" महिना संपल्यावर ते दुसऱ्या जिमला गेले. खेळात कोण किती उचलतंय हे मोजलं जात नाही आणि जे मोजत नाही ते वाढत नाही. तालमीत वस्ताद माती उकरायला लावायचे, पण जोर किती झाले ते त्यांच्या डोक्यात पक्कं असायचं. ते मी विसरलो होतो.

मग वही पुढे ओढली आणि गेल्या वर्षीच्या सोडून गेलेल्यांची पानं चाळली. बहुतेकांच्या नोंदी एकसारख्या. पहिले सहा-आठ आठवडे उचलायचं वजन भराभर वाढलेलं. नवख्या माणसाचं हे होतंच, स्नायू मोठे होण्याआधी मेंदूला आणि नसांना ती हालचाल जमायला लागते, म्हणून आकडे उड्या मारतात. तिसऱ्या महिन्यात ते मंदावतात. आणि आमचं पॅकेज तीन महिन्यांचं! नेमका ज्या आठवड्यात माणसाला वाटतं की आपलं काही होत नाही, त्याच आठवड्यात आम्ही त्याच्यापुढे पावतीपुस्तक धरतो.

त्यात भर म्हणजे आमच्याकडची सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. दोन्ही बाजूंना लावली की पाच किलोची उडी. शंभर उचलणाऱ्या पोराला पाच म्हणजे काहीच नाही. पस्तीस उचलणाऱ्या बाईंना तो सातवा हिस्सा. त्या महिनाभर पस्तीसवर अडकल्या होत्या त्या कंटाळ्यामुळे नव्हे, कंटाळा आला होता तो अडकल्यामुळे. मी मालकांना सव्वा किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या प्लेट्स मागितल्या. "ही काय चिल्लर?" ते म्हणाले. पण आणल्या, आणि नावही तेच पडलं. आता बायकांच्या बॅचमध्ये सारखं ऐकू येतं, "आज मला चिल्लर लाव ना."

खेळ आता फक्त गुरुवारी, शेवटची पंधरा मिनिटं. बाकी दिवस वहीप्रमाणे. आरशाशेजारी एक फळा लावलाय. त्यावर किलो लिहीत नाही, वस्तू लिहितो: जार, टाकी, गव्हाचं पन्नास किलोचं पोतं. एका आजोबांनी स्वतःच खडू घेऊन 'नातू, १४ किलो' असं लिहिलं. नातू वाढतोय, त्यामुळे त्यांनी उचलायचं वजन आपोआप वाढतं. फळा लावला त्या महिन्यात अकरा जणांचं पॅकेज संपणार होतं, सात जण राहिले. पावसाळ्यात दुर्गा टेकडीवर फिरायला जाणं कमी होतं, त्याचाही त्यात वाटा असणार.

बाईंनी त्या गुरुवारी बूट नेलेच. ठरवलं ते ठरवलं. चिल्लर आल्यानंतरच्या एका सोमवारी सव्वादहाला ते पायात घालून आल्या आणि काउंटरवर एका महिन्याचे पैसे ठेवले.

"बाई, तीन महिन्यांचं घ्या ना, स्वस्त पडतं."

"माहीत आहे मला किती पडतं," बाई म्हणाल्या. "तीन महिन्यांचे पैसे एकदम घेतलेस की तू ढिला पडतोस. चिल्लर लाव."